आईच्या घड्याळाची चेन

आमच्या खोलीला खिडकी नव्हती. विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून आत, पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती आणि तिच्यात शेवटून दुसरी खोली आमची. वडील विदर्भातून पुण्यात आले ते एका छोट्या कारखान्यात लागले. कारखाना कसला, मोठ्या कंपनीला सुटे भाग करून देणारं एक शेड. पुढे मोठ्या कंपनीनं ते भाग बाहेरून मागवायला सुरुवात केली आणि शेडला कुलूप लागलं. देशाचं धोरण बदललं, बाजार खुला झाला, हे सगळं मला नंतर कॉलेजात शिकायला मिळालं. तेव्हा एवढंच दिसत होतं की वडील सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात, दिवसभर काम शोधतात आणि डबा कुठंतरी बसून खाऊन परत येतात. त्यातच त्यांना कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग सरकारी दवाखाना. मी अकरावीत असताना ते गेले.

गावाहून आत्या आली, म्हणजे वडिलांची बहीण. आणखी दोघीतिघी बायका आल्या. आईच्या दोन्ही हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या, त्या आत्यानं उंबऱ्यावर हात ठेवून फोडल्या. हे लिहिताना मला आत्याला खलनायिका करायचं नाही. ती स्वतः रडत होती, फोडताना आईच्या मनगटाला काच लागू नये म्हणून तिनं खाली फडकं धरलं होतं. रीत होती, तिनं पाळली. सगळ्या बायका बाजूला झाल्यावर आई उठली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि उंबऱ्यावरचे तुकडे स्वतःच झाडून काढले. रांगेतली पोरं अनवाणी फिरायची, त्यांच्या पायात जातील म्हणून.

पुढे आई आळंदी रस्त्यावरच्या एका खानावळीत पोळ्या करायला जाऊ लागली. पहाटे घरचं उरकून जायची, दुपारी यायची, संध्याकाळी परत जायची. एकदा घरी कणीक मळता मळता थांबली आणि म्हणाली, "आवाज नाई येत वं."

"कसला?"

"मळताना. इतकी वर्षं आवाजानं मळलं. आता वाटते दुसरीच कोणी मळून रायली."

मला तेव्हा बारावीची काळजी होती. पण तिचं म्हणणं मला कळलं, कारण बिनखिडकीच्या खोलीत पहाटे काहीच दिसायचं नाही. आई उठली, चूल पेटली, पाणी भरलं, हे सगळं मला अंथरुणात बांगड्यांवरूनच कळायचं. आता मी अंधारात विचारायची, "आई, आहेस का गं?" आणि ती म्हणायची, "हाय न. कुठं जातो?"

मी शिकले. संगणकशास्त्रात पदवी घेतली. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत, बाप्यांत नाही आणि बायांत नाही, माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हतं. हे मी नम्रपणे वगैरे सांगणार नाही. खानावळीतल्या पोळ्यांवर शिकले आणि पहिल्या वर्गात पास झाले. त्या सुमारास पुण्यात कंप्युटरच्या कंपन्या उगवत होत्या आणि दोन हजार साल येतंय म्हणून जगभरच्या जुन्या प्रोग्रॅमांची डागडुजी चालली होती. मला नोकरी लागली. इंग्रजी बोलताना सुरुवातीला घाम फुटायचा, पण कोड इंग्रजीत घाम न फुटता लिहिता यायचा.

पहिल्या वर्षाचा बोनस आला तेव्हा मी आईला म्हटलं, "सोन्याच्या दोन बांगड्या करू तुला."

"नको."

"अगं, काचेच्या नाहीत. सोन्याच्या विधवासुद्धा घालतात. इथं पुण्यात सगळ्या घालतात."

"इथल्या घालत असतीन. आपल्याकडे नाई घालत. लोक म्हणतीन, नवरा गेला अन् हिले शौक सुटला."

"कोण लोक? पुण्यात आपल्याला ओळखतं कोण?"

"मी वयखतो न लोकायले," आई म्हणाली. विषय संपला.

मी हट्टी आहे. तिचा हात रिकामा राहू द्यायचा नाही, एवढं मी मनाशी धरलं. मग कंपनीनं मला एका बँकेच्या कामासाठी युरोपात पाठवलं. तिथं ऑफिसपासून राहायच्या जागेपर्यंत चालत जाताना रस्त्यात घड्याळांची दुकानं लागायची. काचेआड एकेक घड्याळ मखमलीवर, देवासारखं. आणि एका संध्याकाळी मला सुचलं की बांगड्यांना रीत आडवी येते, मंगळसूत्राला येते, कुंकवाला येते. पण घड्याळाला? बाईनं घड्याळ घालू नये, असं आमच्या गावात कोणी कधी म्हटलेलं नव्हतं. म्हणणार कसं, आमच्याकडच्या कुठल्या बाईकडे घड्याळ होतंच कधी?

दुकानातल्या बाईनं मला बायकी आकाराचं एक घड्याळ दाखवलं. पांढरी तबकडी, स्टीलची चेन. सेल नाही, रोज चावी द्यायची गरज नाही. आत एक अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंगला पीळ बसतो. हात हलायचा थांबला तर दीड-दोन दिवसांनी घड्याळ बंद. मी तिला इंग्रजीत सांगितलं की माझ्या आईच्या हातावर हे कधीच बंद पडणार नाही. ती हसली. तिला वाटलं, मी घड्याळाची स्तुती करतेय. मग तिनं मनगटाचं माप विचारलं. ते मला माहीत नव्हतं, म्हणून तिनं चेनच्या सगळ्या कड्या तशाच ठेवून दिल्या आणि सांगितलं की नंतर हव्या तितक्या काढून घ्या. किंमत मी आईला आजतागायत सांगितलेली नाही.

घड्याळ आईला सैल झालं. चांगलंच सैल. हात खाली सोडला की पंजाच्या मुळाशी यायचं, वर केला की कोपराकडे सरकायचं. मी म्हटलं, "दोन कड्या काढून आणते." ती म्हणाली, "राहू दे न. बरं हाय." कणीक मळायला बसली की ती ते वर सारायची आणि मळता मळता ते परत खाली यायचं.

आत्या आली तेव्हा खरी परीक्षा होती. आत्यानं चहाची बशी खाली ठेवली आणि आईच्या हाताकडे पाहिलं.

"हे काय घातलं वं वयनी?"

"घड्याळ. पोरीनं आणलं. टाइम पाहाले."

"चांदीचं हाय?"

"कायची चांदी! लोखंडाचं हाय."

आत्यानं आईचा हात धरून चेन उलटसुलट करून पाहिली. "लोखंडाचं हाय तं घाल," ती म्हणाली आणि चहा पिऊ लागली. आमच्या घरातली सगळ्यात महाग वस्तू लोखंड म्हणून पास झाली. आत्या गेल्यावर आई तोंडाला पदर लावून किती तरी वेळ हसत होती. वडील गेल्यानंतर ती अशी हसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

नंतर आम्ही पुण्याच्या कडेला, मांजरी गावात फ्लॅट घेतला. तेव्हा तिकडे उसाची शेतं होती आणि उसाच्या मधोमध इमारती उभ्या राहत होत्या. खिडक्या इतक्या की पडदे शिवून आई कंटाळली. लग्नाचं माझं जमलं नाही, त्याबद्दल इथं लिहिण्यासारखं काही नाही. आम्ही दोघी राहत होतो. खानावळ मी सोडायला लावली, पण घरातली कणीक तिनं कोणाला मळू दिली नाही. पोळ्यांना बाई लावली होती, ती आठवड्याभरात पळाली. आई तिच्या मागं उभं राहून नुसती बघायची, एवढंच कारण.

मी घड्याळाबद्दल वाचत होते. महागाची वस्तू घेतली की तिची काळजीही शिकावी लागते. चावी आतपर्यंत फिरवून घट्ट बसलेली असेल तरच पाण्याजवळ जायचं. चेन महिन्यातून एकदा कोमट पाण्यात साबण घालून मऊ ब्रशनं धुवायची, मग मऊ कापडानं पुसायची. स्पीकरजवळ ठेवायचं नाही, आतल्या बारीक भागांना चुंबक चढतं. चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग, कारण आतलं तेल सुकतं आणि रबराच्या वायसरी कडक होतात. हे सगळं मी आईला नीट समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

त्या दिवाळीच्या आधी मी ऑफिसातून आले तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून देवाची भांडी ओळीनं मांडलेली. समई, निरांजन, ताम्हन, चांदीची वाटी. सगळी लखलखीत. आणि शेवटी घड्याळ.

"आई! हे कशानं घासलंस?"

"रांगोळीनं. कशानं घासतात? काळं पडलं होतं कडीकडीत. आता पाय, कसं चमकून रायलं."

चमकत होतं हे खरं. उजेडात धरलं तर बारीक केसांसारखे ओरखडे दिसत होते, तेही खरं. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. आमच्याकडे चांदी-पितळ तिनंच घासतात, आणि आईच्या लेखी या घड्याळाचा मान चांदीच्या वाटीएवढा होता. मी पुन्हा मऊ ब्रश, पुन्हा साबणाचं पाणी सांगितलं. ती "बरं" म्हणाली. दर दिवाळीला, दर गुढीपाडव्याला घड्याळ रांगोळीनं घासलं गेलं.

काही वर्षांत चेन फारच ढिली झाली. कडी कडीपासून सुटी हलायची. आई स्वयंपाकघरात वावरायची तेव्हा त्या चेनची खुळखुळ चालायची. मी ती ऐकायची आणि मला वाटायचं, कड्या जोडणाऱ्या पिना झिजल्यात, एक दिवस चेन सुटून घड्याळ फरशीवर पडणार. इतकं महाग घड्याळ आणि आम्ही त्याची अशी हेळसांड करतोय. शिकलेल्या माणसानं वस्तू नीट ठेवावी, असं माझं ठाम मत होतं आणि आहे.

एका दुपारी जेवण झाल्यावर मी शिवणाचा दोरा घेऊन आईच्या मनगटाचं माप घ्यायला लागले. तिनं हात पुढे केला.

"काहून वं? कासाराकडे नेतं का मले बांगड्या भराले?"

"अगं, घड्याळाची चेन बसवून आणते बरोबर. सर्व्हिसिंगला देतेय."

"अस्सं," ती म्हणाली. दोऱ्याला मी गाठ मारली.

सर्व्हिस सेंटर कॅम्पात होतं. काचेचं दार, गार हवा, काउंटरमागं माझ्या धाकट्या सहकाऱ्यांसारखी दिसणारी एक मुलगी. तिनं डोळ्याला भिंग लावून चेन पाहिली.

"मॅम, लिंक्समध्ये खूप व्हाइट पावडर आहे. स्टोन डस्टसारखी. कशी गेली असेल?"

"रांगोळी."

"सॉरी?"

"रांगोळी. दारात काढतात ती."

"ओके. आणि हे यलो स्टेन्स?"

"हळद. आणि ते पांढरट चिकटलंय ना, ती कणीक."

"मॅम, हे डेली किचनमध्ये वेअर करतात?"

"रोज. न चुकता."

तिनं भिंग काढलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी आपण लेकराला मारणाऱ्याकडे पाहतो. मला थोडं हसू आलं, थोडी लाजही वाटली. मी म्हटलं, "सगळं करा. आतलं, बाहेरचं, चेन. नव्यासारखं करून द्या." आणि दोरा तिच्या हातात दिला.

काही आठवड्यांनी घड्याळ आलं ते खरोखरच नव्यासारखं. आतलं यंत्र उघडून, धुऊन, तेल घालून परत जुळवलेलं. वायसरी नवीन. ओरखडे घासून घालवलेले. चेनमधल्या झिजलेल्या पिना बदललेल्या आणि दोऱ्याच्या मापाबरहुकूम दोन कड्या काढून एका छोट्या प्लॅस्टिकच्या पुडीत दिलेल्या. मी ते आईच्या हातात घातलं. अगदी बेतात बसलं. ना इकडे सरकलं, ना तिकडे. मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरून खिडकीपाशी नेला.

"कसं झालंय?"

"चांगलं झालं," आई म्हणाली. "लय चांगलं झालं."

आठ-दहा दिवसांनी ते मला कपाटातल्या डब्यात दिसलं. बंद पडलेलं. मी आईला विचारलं तर म्हणाली, "पाय न बाई काय झालं, बंदच पडलं." मला सर्व्हिस सेंटरचा असा राग आला की विचारू नका. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून कॅम्पात गेले आणि त्या मुलीशी भांडले. इंग्रजीत भांडले, म्हणजे राग नीट पोचला असेल. त्यांनी घड्याळ ठेवून घेतलं, यंत्रावर फिरवत ठेवून तपासलं. परत आणायला गेले तेव्हा ती मुलगी अगदी मऊ आवाजात बोलली.

"मॅम, मूव्हमेंट परफेक्ट आहे. एका सेकंदाचाही प्रॉब्लेम नाही. फक्त... हे कोणी घालतंय का? म्हणजे, ऑटोमॅटिक आहे ना, हात मूव्ह झाला नाही तर थांबतं."

घरी आले तेव्हा आई कणीक मळत होती. हात मोकळा. मी घड्याळ ओट्यावर ठेवलं.

"घड्याळ बिघडलेलं नाही, आई. तू घालत नाहीस."

तिनं परातीतला गोळा उलटा केला, मुठीनं दाबला.

"का घालत नाहीस? हाताला लागतं? जड होतं?"

"आवाज गेला वं त्याचा."

"कसला आवाज?"

"खुळखुळे न ते. मी मळाले बसली का खुळखुळे. हात हालवला का खुळखुळे." तिनं पिठाचं मनगट माझ्यापुढं हलवून दाखवलं, जणू घड्याळ तिथं आहे. "आता तू गच्च करून आणलं. बीपीचा पट्टा बांधल्यावानी बसते. नवं केलं, पण मुकं केलं त्याले."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. इतकी वर्षं मी तो आवाज बिघाड म्हणून ऐकत होते. आई तो आवाज म्हणूनच ऐकत होती. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. सांगायची सोयच नव्हती. सांगितलं असतं तर ते काय आहे हे उघड झालं असतं, आणि मग ते रीतीत बसतं का नाही, हा प्रश्न तिला स्वतःलाच पडला असता.

मी म्हटलं, "चल. आत्ता चल. कासाराकडे जाऊ. काचेच्या बांगड्या भरू, हातभर. कोण काय बोलतं मी बघते."

"नको."

"आई, जग कुठल्या कुठं गेलं..."

"गेलं असन. मी कुठं नाई म्हणतो?" ती शांतपणे म्हणाली. "त्या बांगड्या तुया बापाच्या नावाच्या होत्या. त्याच्यासंगं गेल्या. मले नाई पायजे आता. हे तुयं होतं. याच्यात कोणाचं काई नव्हतं."

आणि मग पदरानं नाक पुसून, "जाऊ दे न. इतकं कायले मनाले लावून घेतं? जेव तू."

मी ती पुडी घेऊन शनिवार पेठेतल्या एका जुन्या घड्याळजीकडे गेले. कॅम्पातल्या त्या मुलीसमोर परत जायचं मला धैर्य नव्हतं. घड्याळजींनी कड्या पाहिल्या, घड्याळ पाहिलं, मला पाहिलं.

"काढलेल्या कड्या परत घालायच्या?"

"हो. आणि पूर्वी चेनचा आवाज यायचा, तो परत यायला हवा."

"आवाज यायला हवा?"

"हो."

"बाई, आवाज येतो म्हणून लोक आमच्याकडे येतात. येत नाही म्हणून आलेल्या आपण पहिल्याच. दुकान चुकलं नाहीये ना? बँडवाले पलीकडच्या गल्लीत."

मी हसले नाही. तेव्हा त्यांनीही चष्मा खाली केला. कड्या बसवून दिल्या. आवाजाचं विचारल्यावर म्हणाले, "पिना नव्या आहेत. घट्ट आहेत. पिना घासून बारीक करता येतील, पण मग चेन सुटून घड्याळ पडलं तर आपण माझ्याकडे यायचं नाही."

"दुसरा उपाय?"

"घालायचं आणि झिजवायचं. वर्षं जातात. घाई असेल तर खुळखुळा विकत घ्या, तुळशीबागेत मिळतो."

घड्याळ पुन्हा सैल झालं. आईनं घातलंही, माझ्या समाधानासाठी. ते मनगटावर सरकायचं, पण निमूट सरकायचं. मी कान देऊन ऐकायची. नुसता धातू घासल्याचा बारीक आवाज, तोही कधी कधी.

मग मी जे केलं ते माझ्या ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही. एका रविवारी मी दिवाणखान्यात वर्तमानपत्र अंथरलं, पांढरी रांगोळी आणली आणि आईला हाक मारली. घड्याळाची चावी घट्ट आहे ना पाहिलं, तबकडीवर चिकटपट्टी लावली आणि चिमूटभर रांगोळी ओली करून चेनच्या कड्यांमध्ये भरली.

या वेळी आई घाबरली. "अवं, खराब होईन न!"

"होऊ दे."

"इतकं महागाचं..."

"लोखंडाचं आहे, आई."

ती माझ्यासमोर बसली आणि आम्ही दोघींनी मिळून ती चेन घासली. एका टोकाला तिनं धरली, दुसऱ्या टोकाला मी. कड्या मागंपुढं, मागंपुढं. ज्या घड्याळासाठी मी ब्रश आणि साबण आणि मऊ कापड यांची एवढी प्रवचनं दिली होती, ते मी स्वतःच्या हातानं झिजवत होते. बोटांची कातडी सोलली. आवाज काही आला नाही. मग ते दर सणाला ठरूनच गेलं.

वर्षं गेली. मांजरीतला ऊस मागं सरकला, समोर उंच इमारती आल्या, आमच्या खिडकीतला उजेड कमी झाला. मी टीम लीडर झाले, मग मॅनेजर. आईचे केस पांढरे झाले आणि टीव्हीचा आवाज मोठा होत गेला. सुरुवातीला मला वाटलं, मालिकाच आरडाओरड्याच्या असतात. मग दाराची घंटा तिला ऐकू येईना. हाक मारली तर पाठमोरी तशीच उभी राहायची. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, कानाच्या नसा वयानं कमजोर झाल्यात, हे पूर्ववत होणारं नाही, यंत्र लावा. मी चांगल्यातलं यंत्र घेतलं. तिनं ते लावलं आणि स्वयंपाकघरात गेली आणि झटक्यात काढून परत आली.

"वाटी ठेवली तं वाटते कोणी कानाखाली मारली."

घरी कोणी आलं की ती यंत्र लावायची. स्वयंपाक करताना डबीत.

आणि मग एका सकाळी मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते, परदेशातल्या कोणाशी तरी बोलणं चाललं होतं, आणि आतून आवाज आला. खुळखुळ. मी बोलता बोलता थांबले. परत आला. परातीत गोळा दाबला की खुळखुळ, उलटला की खुळखुळ. मी "एक मिनिट" म्हणून उठले आणि धावतच स्वयंपाकघरात गेले.

"आई, आवाज! आवाज आला!"

तिनं माझा चेहरा पाहिला आणि पटकन गॅस बंद केला. "काय? गॅस लीक हाय?"

मी तिचं मनगट धरलं, घड्याळाकडे बोट दाखवलं आणि हात हलवला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिला कळलं. तिनं पिठाचा हात कानाशी नेला आणि हलवला. अजून जोरात हलवला. डोळे मिटले.

"नाई येत," ती म्हणाली.

मी यंत्राची डबी आणली. तिनं लावलं. वर पंखा होता, खाली रस्त्यावर कुठं तरी पाण्याचा टँकर होता, ते सगळं तिच्या कानात शिरलं असावं, कारण तिचा चेहरा आवळला. तिनं हात हलवला. ऐकलं. पुन्हा हलवला.

"हे नोय," ती म्हणाली. "हे तं डब्यात खिळे हालवल्यावानी हाय." आणि यंत्र काढून माझ्या हातात दिलं.

मी त्या पंख्याखाली उभी होते आणि मला रडू आवरेना. एवढं शिकले, एवढं कमावलं, दोन्ही हातांनी महाग वस्तू झिजवली, आणि आवाज आला तो असा उशिरा. आईनं कणकेचा हात वाचवून, मनगटाच्या मागच्या बाजूनं माझे डोळे पुसले. घड्याळ माझ्या गालाला लागलं.

"तुले येते न ऐकू?"

मी मानेनं हो म्हटलं.

"मंग रडून काहून रायली? मले हातावर कळते न. हालते ते." तिनं गॅस परत पेटवला. "जा, तुयं काम पडलं असन तिकडे."

ही गोष्ट होऊन आता बराच काळ झाला. मध्ये घड्याळ परत एकदा सर्व्हिसिंगला द्यावं लागलं, कारण ते मागं पडत होतं. कॅम्पातल्या सेंटरमध्ये आता दुसरी मुलगी आहे. तिनंही भिंग लावलं, तिलाही पांढरी पावडर दिसली, तीही म्हणाली की चेन रिस्टोअर करायला हवी, सेफ नाहीये. मी तिला सांगितलं, आतलं यंत्र करा, वायसरी बदला, काचेवर काही करायचं ते करा. चेनला हात लावायचा नाही. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. चेन सुटून पडू नये म्हणून मी दर महिन्याला एकेक पिन स्वतः तपासते, आणि एखादी बाहेर येताना दिसली तर फक्त तेवढीच बसवून आणते.

आईला आता यंत्रानंही नीट ऐकू येत नाही. आम्ही खुणांनी बोलतो, कधी पाठीवर हात ठेवून. सकाळी मी उठायच्या आत ती उठलेली असते, आणि ती उठलीय हे मला अंथरुणातच कळतं.

गावाकडच्या लग्नांना ती ते घड्याळ घालून जाते आणि पुढच्या रांगेत बसते. माझ्या आईचा हात रिकामा राहिला नाही. ते मी केलं, माझ्या शिक्षणावर आणि माझ्या पगारावर.